सोलापूरहून परदेशात समर प्रोग्रामला कला शिकायला जायचंय? मग आत्तापासून लागा तयारीला

दरवर्षी जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की माझ्याकडं तीन-चार पोरंपोरी हमखास विचारायला येतात, ताई तू फ्लॉरेन्सला गेलतीस ना, आम्हाला पण उन्हाळ्यात जायचंय, कसं करायचं. तोंडी सांगून सांगून प्रत्येक वेळी काहीतरी राहतंच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. मी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, आजोबांचं सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलं. बीए झाल्यावर इटलीतल्या फ्लॉरेन्सला एका युनिव्हर्सिटीच्या पाच आठवड्यांच्या समर प्रोग्रामला गेले, विषय होता कलेचा इतिहास आणि चित्रकला. घरात याआधी कुणाचा पासपोर्टसुद्धा नव्हता, त्यामुळं जे काही कळलं ते ठेचा खातच कळलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट करा. इंटरनेटवर शहरं शोधत बसू नका. पॅरिस का रोम का लंडन, हा प्रश्नच नंतरचा आहे. आधी कागद घ्या आणि लिहा, तुम्हाला नक्की काय बघायचंय आणि का. सोलापूरच्या पोरांना ही गोष्ट कुणी सांगत नाही पण आपल्याकडं विचारायला सामान भरपूर आहे. आता चादरच घ्या. आपल्या चादरीवरची नक्षी ज्या जेकार्डवर निघते ते जेकार्ड हे एका माणसाचं नाव आहे, जोझेफ मारी जाकार, फ्रान्समधल्या लियाँ शहरातला, त्यानं 1804 च्या सुमारास तो माग तयार केला. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, जिथं भोक तिथं उभा धागा वर उचलायचा, नाही तिथं खाली राहू द्यायचा. मी लहानपणापासून हा शब्द ऐकत होते आणि तो माणसाचं नाव आहे हे मला विसाव्या वर्षी कळलं. तिथनं माझा प्रश्न तयार झाला, की नक्षी एका गावातनं दुसऱ्या गावात जाते कशी. तुमचा प्रश्न वेगळा असेल, सिद्धेश्वर मंदिराचं दगडकाम असेल, नंदीध्वजाची मिरवणूक असेल, पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन असतील. पण एक प्रश्न पाहिजेच, कारण प्रोग्राम निवडायला, अर्ज लिहायला आणि तिथं गेल्यावर वेळ वाया न घालवायला तोच उपयोगी पडतो.

प्रश्न ठरला की मग प्रोग्राम बघा, त्यातही प्रकार आहेत. काही युनिव्हर्सिट्यांचे क्रेडिटवाले कोर्स असतात, परीक्षा, निबंध, मार्कलिस्ट सगळं असतं. काही ठिकाणी नुसतं स्टुडिओत काम करायचं असतं, जसं ऑस्ट्रियात साल्झबुर्गची समर अकॅडमी, ती ऑस्कर कोकोश्का या चित्रकारानं 1953 मध्ये तिथल्या किल्ल्यात सुरू केली आणि तिला 'बघण्याची शाळा' म्हटलं, मला ते नाव फार आवडतं. तिथं स्कॉलरशिपपण देतात. इटलीत पेरुजाला परदेशी लोकांसाठीची युनिव्हर्सिटी आहे, तिथं भाषा आणि संस्कृती दोन्ही शिकवतात, म्हणजे चित्र काढता येत नसेल तरी चालतं. लंडनच्या आर्ट युनिव्हर्सिटीचे एक-दोन आठवड्यांचे शॉर्ट कोर्स असतात. जर्मनीला जायचं असेल तर डीएएडी या स्कॉलरशिप देणाऱ्या जर्मन संस्थेची उन्हाळी कोर्ससाठीची स्कॉलरशिप त्या वर्षी निघतेय का ते बघा, पण तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातच भरायचे असतात, मार्चमध्ये जाग आली तर उपयोग नाही. प्रोग्रामचं पान उघडलं की फोटो बघू नका, रोजचं वेळापत्रक बघा. किती तास वर्गात, किती तास प्रत्यक्ष म्युझियममध्ये, शिकवणारं कोण, एका बॅचला किती जण. वेळापत्रक दिलेलं नसेल तर मेल करून मागा. मागितल्यावरही देत नसतील तर तो प्रोग्राम सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रेडिटचं पण आधीच विचारून घ्या. युरोपात ईसीटीएस नावाची पद्धत आहे, एक क्रेडिट म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचं काम, त्यात घरी वाचलेलं पण धरतात. आपलं कॉलेज ते धरणार का हे जायच्या आधी लेखी घ्या, तोंडी 'बघू' वर विश्वास ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी क्रेडिट न घेता नुसतं बसायची सोय असते आणि ती स्वस्त पडते, कॉलेज धरणार नसेल तर उगाच जास्तीचे पैसे कशाला भरायचे.

तारखा! इथं आपल्या पोरांची सगळ्यात जास्त अडचण होते. तिकडचे बरेच प्रोग्राम जूनच्या सुरुवातीलाच चालू होतात आणि आपल्या परीक्षा मे संपेपर्यंत, कधी जूनपर्यंत लांबतात, मग एकतर पेपर बुडतो नाहीतर पहिला आठवडा. त्यामुळं जुलैमध्ये सुरू होणारे प्रोग्राम बघा आणि कॉलेजकडनं हजेरीचं आणि एनओसीचं पत्र जानेवारीतच काढून ठेवा. इटलीला जाणार असाल तर 15 ऑगस्टच्या आसपास तिथं सगळा देश सुट्टीवर जातो, छोटी दुकानं, वर्कशॉप बंद असतात, म्हणून कारागिरांकडं जायचं असेल तर ते जुलैमध्येच उरका.

अर्जाबद्दल. बाकी सगळं फॉर्म भरणं आहे, खरं काम म्हणजे ते एक पानाचं पत्र, मला का यायचंय ते. माझं पहिलं पत्र वाचलं तर आता वाईट वाटतं, कलेची लहानपणापासून आवड आहे, युरोपची महान परंपरा वगैरे. आमच्या एका मॅडमनी ते वाचून परत दिलं, म्हणाल्या यात तू कुठं आहेस? मग मी रात्री बसून दुसरं लिहिलं. त्यात लिहिलं की आजोबा कारखान्यात रोज संध्याकाळी किती चादरी उतरल्या ते खडूनं भिंतीवर लिहायचे, जेकार्डचं जुनं कार्ड घरी आणायचे आणि मी त्याच्या भोकांत पेन्सिल घालून वहीवर टिंब टिंब नक्षी काढायचे, आणि मला बघायचंय की हा प्रकार जिथनं आला तिथली माणसं नक्षीकडं कशी बघतात. निवड झाल्यावर प्रोग्रामच्या बाईंनी मला त्या कार्डाबद्दलच पहिला प्रश्न विचारला. तर सांगायचं काय, मोठे शब्द काढून टाका आणि तुमच्या घरातली, गल्लीतली एक खरी गोष्ट घाला. इंग्लिश साधं असलं तरी चालतं, चुका कुणाकडनं तरी तपासून घ्या पण लिहून दुसऱ्याकडनं घेऊ नका.

एजंटांपासून जपून. आमच्या ओळखीतल्या एका मुलीकडनं एका एजंटनं ॲडमिशन 'पक्कं' करायचे म्हणून बरेच पैसे घेतले, आणि तो कोर्स असा होता की कुणीही ऑनलाइन फॉर्म भरला तरी जागा मिळत होती. अर्ज स्वतः करा. आणखी एक, प्रोग्रामची फी थेट युनिव्हर्सिटीच्या अकाउंटला बँकेतनं पाठवली तर एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापत नाहीत, पण तेच कुणी परदेशी टूर पॅकेज म्हणून विकलं तर पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो. नंतर रिटर्न भरून तो परत मिळवता येतो, पण तेवढे महिने पैसे अडकतात ना. पैसे भरायच्या आधी व्हिसा नाकारला तर किती परत देणार हे वाचा, ही ओळ प्रत्येक प्रोग्रामच्या नियमात कुठंतरी खाली असते.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज टाका. सोलापुरात पोस्टाचं पासपोर्ट केंद्र आहे, त्यासाठी पुण्याला जायला लागत नाही, 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये आहे. इथं एकच गोष्ट जिवापाड सांभाळा, नाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव आहे कुठं नाही, आपल्याकडं सगळ्यांचंच असं असतं. माझ्या ॲडमिशनच्या पत्रात वडिलांचं नाव माझं आडनाव म्हणून छापून आलं होतं, ते दुरुस्त होऊन यायला अकरा दिवस लागले आणि ते अकरा दिवस मला नीट झोप नव्हती. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच, त्याच क्रमानं, प्रत्येक फॉर्मवर लिहा आणि पत्र हातात आलं की पहिल्यांदा नावच तपासा.

व्हिसा. इटली, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया हे सगळे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतात आणि कोर्स 90 दिवसांच्या आतला असेल तर छोटा व्हिसा पुरतो. मोठ्या माणसाची फी 90 युरो, म्हणजे आपले साधारण नऊ-दहा हजार धरा, वर सेंटरचा चार्ज, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी 15 दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत म्हणून तारीख उघडली की लगेच घ्या. मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. पासपोर्ट तिथनं परत निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा पाहिजे आणि दोन पानं कोरी पाहिजेत. बँक स्टेटमेंटमध्ये आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आलेली दिसली की प्रश्न विचारतात, कुणी काका-मामा मदत करत असतील तर आधीपासून आणि लेखी पत्रासकट करू द्या. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, देशाप्रमाणं पुणे नाहीतर मुंबई. पुणे असेल तर अपॉइंटमेंट दुपारची घ्या, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं परत येता येतं, मी तसंच केलं. इंग्लंडचं वेगळं आहे, तिथं साध्या व्हिजिटर व्हिसावर मान्यता असलेल्या संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं. अमेरिकेत आठवड्याला 18 तास किंवा जास्त वर्ग असतील तर स्टुडंट व्हिसाच लागतो, टुरिस्टवर जाऊन वर्गात बसायचा विचार पण करू नका.

सामान फार नेऊ नका. कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्याच, पहिला आठवडा त्यावर निघतो आणि कडक भाकरी खराब होत नाही. पण युरोपात बाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून पेढे आणि तूप घरीच ठेवा. आणि शेंगा चटणीच्या डब्यावर मोठ्या अक्षरात इंग्लिशमध्ये शेंगदाणे असं लिहा, हॉस्टेलचं किचन एकच असतं आणि तिकडं कुणाला शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असू शकते, मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून डबा वेगळ्या कप्प्यात ठेवला. चर्चमध्ये जायला खांदे झाकणारी ओढणी, चालायला जुने पायात बसलेले बूट, साधी वही आणि पेन्सिल. म्युझियममध्ये शाई आणि रंग बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. उन्हाची काळजी आपल्याला नको वाटतं, पण जुन्या दगडी घरात पंखा नसतो, रात्री जड जातं.

तिथं गेल्यावर सगळं बघायच्या मागं लागू नका. आमच्या सरांनी एक दिवस सान मार्कोच्या मठात नेलं, तिथं पंधराव्या शतकात फ्रा अँजेलिकोनं साधूंच्या खोल्यांमध्ये एकेका भिंतीवर चित्रं काढलीत. खोली एवढीशी, एक खिडकी आणि समोर चित्र. सर म्हणाले समोरनं बघू नका, भिंतीला गाल लावल्यासारखं बाजूनं बघा. बाजूनं बघितलं तर गिलाव्यात एक बारीक शिवण दिसली, अगदी केसाएवढी. गिलावा ओला असेपर्यंतच रंग भिंतीत मुरतो म्हणून चित्रकार एका दिवसात जेवढं होईल तेवढाच गिलावा लावायचा, दुसऱ्या दिवशी त्याला चिकटून पुढचा, आणि त्या एका दिवसाच्या तुकड्याला तिकडं जॉर्नाता म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. मला एकदम कारखान्याच्या भिंतीवरचे आजोबांचे खडूचे आकडे आठवले. त्या खोलीत मी पाऊण तास बसले, बाकीची बॅच सगळ्या खोल्या बघून खाली गेली होती. पाच आठवड्यांत मला जे कळलं त्यातलं निम्मं त्या पाऊण तासातलं आहे. म्हणून रोज एकच चित्र निवडा, त्याच्यासमोर अर्धा तास बसा, चांगलं येत नसलं तरी वहीत काढा. इटलीत सरकारी म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, 18 ते 25 वयाला दोन युरोत तिकीट ही सवलत युरोपियन पोरांना असते, आपल्याला नाही, त्यामुळं तो रविवार सोडू नका. गर्दी असते, सकाळी लवकर रांगेत लागा.

आणि जे वेळापत्रकात नाही ते मागून घ्या. फ्लॉरेन्सच्या बाहेर टेकडीवर लिझिओ नावाची विणकामाची संस्था आहे, 1906 पासूनची, तिथं अजून हातमागावर जेकार्डनं रेशीम आणि मखमल विणतात. आमच्या प्रोग्राममध्ये ती नव्हती. मी जायच्या दीड महिना आधीच प्रोग्रामच्या बाईंना मेल केली होती की मी सोलापूरची आहे, आमच्याकडं हे काम चालतं, मला तिथं एक दिवस मिळेल का. त्यांनी फोन करून वेळ घेऊन दिली. दारातनं आत गेले तर वर टांगलेली तीच भोकाची कार्डं, एकामागं एक शिवलेली, आणि तोच खट-खट आवाज, फक्त आपल्या यंत्रमागापेक्षा खूप सावकाश. माझी घरून नेलेली जेकार्डची पट्टी मी तिथल्या विणकर बाईंना दाखवली, त्यांना इंग्लिश येत नव्हतं आणि मला इटालियन फारसं येत नव्हतं, पण त्यांनी ती उजेडात धरून भोकं मोजली आणि बोटानं हवेत त्यातली नक्षी काढून दाखवली. तुम्ही पण जाताना घरची अशी एक हातात मावणारी वस्तू घेऊन जा, ओळख करून घ्यायला दुसरं काही लागत नाही.

परत यायच्या आदल्या आठवड्यात ऑफिसमधनं मार्कलिस्ट सही-शिक्क्यासकट दोन प्रतीत मागा, नंतर मेलवर मागितली तर ऑगस्टच्या सुट्टीत कुणी उत्तर देत नाही. वहीतल्या प्रत्येक चित्राखाली तारीख आणि जागा लिहा. शिकवणाऱ्या सरांना शिफारसपत्रासाठी तिथंच, समोरासमोर विचारा.