दूरदर्शन केंद्राच्या वृत्तविभागाचा इतिहास कसा लिहावा : मुंबई केंद्राच्या निमित्ताने

स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राचा इतिहास लिहायला घेणारे बहुतेक जण आठवणींपासून सुरुवात करतात, आणि तिथेच त्यांची पहिली चूक होते. मुंबई केंद्राबद्दल विचारले, तर लोक वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांचा आवाज, अनंत भावे यांची शैली आणि कृष्णधवल पडद्यावर बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील यांच्याविषयी भरभरून सांगतात. मात्र साल विचारले की उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून कोणाचीही मुलाखत घेण्याआधी तारखांचा सांगाडा तयार करावा.

मुंबई केंद्रासाठी तो साधारण असा होतो. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती या स्वायत्त संस्थेची स्थापना झाली. मराठी वाहिनीचे ‘सह्याद्री’ हे नाव तर फार पुढचे आहे.

हा सांगाडा भिंतीवर लावून ठेवावा, कारण प्रत्येक आठवण त्याच्यावर घासून पाहायची असते. ‘मी १९७४ साली दूरदर्शनमध्ये लागलो’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण तेव्हा दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता, आणि त्यामुळे त्याचे कागदपत्र आकाशवाणीच्या नावाने शोधावे लागतात. ‘१९७२ साली सह्याद्रीवर बातम्या सुरू झाल्या’ हे वाक्य छापून येते, तेव्हा लिहिणाऱ्याने कागद पाहिलेला नाही हे लगेच कळते. पुण्यातला प्रेक्षक सत्तरच्या दशकातल्या ‘पुणे दूरदर्शनच्या बातम्या’ सांगू लागला, तर त्या मुंबई केंद्रातून, म्हणजे वरळीहूनच येत होत्या हे लक्षात ठेवावे. १९७८ सालच्या रंगीत बातमीपत्राची आठवण कोणी सांगितली, तर ऐकून घ्यावी आणि वहीत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढावे.

दुसरे काम म्हणजे बातमी त्या काळी तयार कशी होत असे, हे नीट समजून घेणे. सुरुवातीच्या वर्षांत बातमीचे चित्रीकरण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होत असे. कॅमेरामन घटनास्थळी जाई, मोजकीच फूट फिल्म खर्च करी आणि डब्याबरोबर एक डोपशीट पाठवी. त्या कागदावर कोणत्या दृश्यात कोण आहे, जागा कोणती आणि वेळ काय, हे लिहिलेले असे. डबा केंद्रात पोहोचून फिल्म धुतली जाई, संकलित होई आणि मगच बातमीपत्रात लागे. फिल्म बहुधा मूक असल्याने दृश्यांवरचा मजकूर वृत्तनिवेदक वाचत असे. यातून अभ्यासकाला उपयोगी असा एक निष्कर्ष निघतो : लांबच्या जिल्ह्यातली घटना ज्या दिवशी घडली, त्याच दिवशी तिची दृश्ये दिसली असतील असे गृहीत धरू नये. घटनेची तारीख, बातमी वाचली गेल्याची तारीख आणि दृश्ये दाखवल्याची तारीख, असे तीन वेगळे रकाने ठेवावेत.

फिल्मच्या जागी व्हिडिओ टेप आल्यावर वेग वाढला, पण इतिहासाचे मात्र नुकसान झाले. टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती, त्यामुळे रोजचे बातमीपत्र जपून ठेवण्याचा विचार मागे पडला. (मालिका आणि नाटके तुलनेने अधिक टिकली, बातम्यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.) म्हणूनच वृत्तविभागाचा इतिहास चित्रफितींपेक्षा कागदांवरून लिहावा लागतो.

त्यातला सर्वांत सोपा कागद म्हणजे वर्तमानपत्र. दैनिकांमध्ये रोज छापून येणारा ‘आजचे कार्यक्रम’ हा छोटा रकाना महिना-महिना करून उतरवून काढावा. बातमीपत्राची वेळ केव्हा बदलली हे तिथे स्पष्ट दिसते. ‘सातच्या बातम्या’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की वेळ नेहमी तीच होती असे वाटते. पण हे रकान्यावरूनच ठरवावे. आणीबाणीच्या काळासाठी, म्हणजे जून १९७५ ते मार्च १९७७ साठी, केंद्र सरकारने १९७७ मध्ये काढलेली प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावरील श्वेतपत्रिका आणि आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचे अहवाल वाचावेत. दूरदर्शनचे आकाशवाणीपासूनचे विभाजन याच काळातले आहे, ही गोष्ट सहसा कोणी नोंदवत नाही.

केंद्राकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचा असल्यास प्रश्न लहान आणि नेमका ठेवावा. ‘वृत्तविभागाचा इतिहास द्यावा’ या मागणीला उत्तर मिळत नाही. ‘३० सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर १९९३ या काळातील बातमीपत्रांच्या उपलब्ध टेपांची यादी द्यावी’ या मागणीला मिळू शकते. हा आठवडा उदाहरणादाखल मुद्दाम घेतला आहे : किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटे झाला, आणि तेव्हा मराठीत खासगी वृत्तवाहिनी नव्हती. शुल्क दहा रुपये असते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. त्याच अर्जात नष्ट केलेल्या नस्तींची (फाइलींची) यादीही मागावी. काय गेले हे कळणेसुद्धा उपयोगाचे असते.

एवढे झाल्यावर मुलाखती घ्याव्यात, आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांइतक्याच संकलक, कॅमेरामन, टंकलेखक आणि चालक यांच्याही घ्याव्यात. ‘तेव्हाचे दिवस कसे होते?’ असे विचारल्यास ठरलेली उत्तरे येतात. ‘फिल्मचा डबा कोण आणत असे, आणि बातमी शेवटच्या क्षणी बदलली तर कागद स्टुडिओत कसा पोहोचत असे?’ असे विचारल्यास माणूस हातवारे करून जागा दाखवू लागतो. घरी ठेवलेली करारपत्रे आणि ड्यूटीचे तक्ते त्याच वेळी पाहायला मागावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद त्यांच्याकडेच ठेवावेत.

लिहिताना ज्या महिन्यांचा पुरावा सापडला नाही ते महिने रिकामे सोडावेत, आणि कोणते दप्तर, कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या दिवशी पाहिले हे तिथे नोंदवावे. म्हणजे पुढे येणाऱ्याला तेच कपाट पुन्हा उघडावे लागणार नाही.