नाल्यातला चपटकृमी पकडून त्याचे स्नायू कसे पाहावेत

दिवाळीच्या सुमारास नाल्याचं पाणी निवळलं की हा उद्योग करावा. कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा, दोरा, काचेची बशी, रंगाचा मऊ ब्रश आणि भिंग एवढं पुरे. कपाशीच्या वावरातून फवारणीचं पाणी घेऊन येणारा नाला नको. मेळघाट किंवा गडचिरोलीकडे जंगलातून वाहणारे नाले बरे.

तुकडा दगडाला बांधून संध्याकाळी संथ पाण्यात ठेवा. आपल्याला हवा तो चपटकृमी म्हणजे प्लॅनेरिया. त्याला उजेड आवडत नाही, म्हणून ऊन चढायच्या आत तुकडा उचला. आसपासचे दगडही उलटून बघा. एखाद सेंटिमीटरचा, तपकिरी, तिकोनी डोक्याचा, दोन तिरळ्या डोळ्यांचा जीव दिसला की तोच. जळवेशी गल्लत होते, पण जळवेला वळ्या आणि दोन्ही टोकांना चूषक असतात. बशीत नाल्याचंच पाणी घ्या, क्लोरीनचं नको.

आता तो सरकताना बघा. हे स्नायूंचं काम नाही बरं! पोटाखालचे सूक्ष्म केस त्याला चिकट स्रावावरून नेतात. स्नायू बघायचे तर शेपटीला ब्रशने हलकेच डिवचा. डोकं पुढे ताणलं जातं, मग मागचा भाग आखडून येतो. त्वचेखाली सगळ्यात बाहेर वर्तुळाकार तंतू, मध्ये तिरपे, आत लांबीच्या दिशेचे. शिवाय पाठीपासून पोटापर्यंत जाणारे तंतू अंग चपटं ठेवतात. हाड नाही, देहगुहा म्हणजे अंगातली पोकळीही नाही. आत नुसती भरीव ऊती. कणकेचा गोळा मुठीत आवळला की लांबतो, तसं वर्तुळाकार स्नायू आवळले की अंग लांबतं. लांबीचे आवळले की आखूड होतं.

खरी मजा खाण्याची. दोन-तीन दिवस उपाशी ठेवून कलेजीचा कण टाका आणि भिंग बशीखालून धरा. याचं तोंड डोक्याला नसतं. पोटाच्या मध्यावरून पांढरट नळी बाहेर येते आणि घास ओढू लागते. तो त्याचा घसा. त्या नळीला स्वतःचे वर्तुळाकार आणि उभे स्नायू असतात.

स्नायूंवरून काम कळतं, नातं मात्र कळेलच असं नाही. समुद्रातले एसील कृमी असेच चपटे, देहगुहा नसलेले, म्हणून चपटकृमींच्याच संघात, म्हणजे प्राण्यांच्या त्याच मोठ्या गटात, धरले जात. १९९९ मध्ये जनुकांची तुलना झाली आणि ते वेगळे निघाले. त्यांची नेमकी जागा अजूनही वादाचीच आहे. आपला प्लॅनेरिया त्यांच्यापेक्षा गांडुळाच्या आणि गोगलगायीच्या जवळचा. गुराढोरांच्या यकृतातला यकृतकृमी आणि पट्टकृमी मात्र याच्याच संघातले.

पावसाळ्यात कुंडीखाली किंवा ओल्या पाल्यात अर्धचंद्राकार डोक्याचा लांबट कृमी सापडला, तर तोही याच संघातला. पण त्याला उघड्या हाताने धरू नका, काडीने उचला: त्याच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष आढळलं आहे.