अनंताची छाट कलमं: जूनमध्ये घाई नको

पहिला पाऊस झाला की ठाणे-नवी मुंबईत जो तो अनंताची फांदी छाटून कुंडीत खोचतो. पण तेव्हा शेंडा कोवळा असतो, आणि जुलैच्या संततधारेत कुंडीचा निचरा होत नाही. काडी बुडाशी काळी पडते. जुलै सरता सरता ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला, की कामाला लागा.

निम्मं यश फांदीच्या निवडीत आहे. यंदा फुटलेली, वर हिरवी पण बुडाशी तपकिरी होऊ लागलेली फांदी घ्या. वाकवून बघा. लवून तशीच राहिली तर कोवळी, काडकन मोडली तर फार जून. सोडल्यावर सरळ झाली, की तीच कापा. कळी असेल तर खुडून टाका.

सकाळी, पेराच्या (पानं फुटतात त्या गाठीच्या) लगेच खाली, धारदार कात्रीनं छाटा. काडी चार ते सहा इंच पुरे. वरच्या पानांच्या दोन जोड्या ठेवा, त्यातलं प्रत्येक पानही अर्धं कापा. बुडाला आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) रूटिंग पावडर लावून जास्तीची झटकून टाका.

काडी खोचायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी-निम्मी. खाडीची रेती मात्र नको, ती खारी असते. बांधकामावरची उचलून आणाल तर तिच्यात सिमेंट असायचं. अनंताला आम्लधर्मी माती हवी, त्याला खारेपणा आणि सिमेंटमधला चुना दोन्ही सोसत नाही. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चाळून, भुकटी जाईपर्यंत धुऊन घेतलीत तर चालेल.

काडीवर प्लास्टिकची पिशवी घाला असं सगळीकडे सांगतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट, की पिशवीत बुरशी आधी येते. घोडबंदरच्या उंच टॉवरमध्ये गॅलरीत भन्नाट वारा असेल तरच घाला, आणि रोज थोडा वेळ उघडा. एरवी छपराखाली, उजेडात पण उन्हात नाही, एवढं पुरतं. पाणी वरचा थर सुकल्यावरच.

मुळं धरायला पाच ते आठ आठवडे लागतात. काडी ओढून बघायचा मोह आवरा, नवी पालवी दिसेलच. मग तांबडी माती, पानांचं खत आणि कोकोपीट भरलेल्या लहान कुंडीत हलवा. ऑक्टोबरच्या उन्हात सावलीतच ठेवा, जमिनीत लावायचं ते पुढच्या पावसाळ्यात.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडतंय, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं अशा रूपातलं) फवारा. चुना, राख, अंड्याची टरफलं घालू नका.