प्रयोगशाळेतील सर्व्हरचा कन्सोल दुरून कसा हाताळावा

एसएसएच या सुरक्षित दूरजोडणीने सर्व्हरमध्ये शिरता येते, ते कार्यप्रणाली सुरू होऊन नेटवर्क मिळाल्यानंतरच. कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) अडकला किंवा नेटवर्कची मांडणी चुकली, तर कन्सोलशिवाय, म्हणजे यंत्राचे संदेश पाहण्याच्या व त्याला आज्ञा देण्याच्या थेट मार्गाशिवाय, गत्यंतर नसते. अशा वेळी बीएमसी या सर्व्हरवरील स्वतंत्र नियंत्रक चिपमधील, आयपीएमआय २.० या दूरनियंत्रणाच्या प्रमाणाची ‘सिरियल ओव्हर लॅन’ ही सोय उपयोगी पडते; ती सिरियल पोर्टवरील मजकूर नेटवर्कवरून पोहोचवते.

प्रथम बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) सिरियल रीडायरेक्शन, म्हणजे मजकूर सिरियल पोर्टकडे वळवण्याची सोय, चालू करावे. नंतर लिनक्स कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत पडदा व सिरियल पोर्ट असे दोन्ही कन्सोल नोंदवावेत. शेवटी लिहिलेलाच मुख्य ठरत असल्याने सिरियल पोर्ट शेवटी लिहावा. बायॉस, ग्रब (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम), कर्नल आणि बीएमसी या चारही ठिकाणी सिरियल पोर्टचा वेग एकच, बहुधा ११५२०० बॉड, ठेवावा. निरर्थक चिन्हे उमटू लागली, तर पहिला संशय या वेगावरच घ्यावा.

बीएमसी उघड्या नेटवर्कवर कधीही ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण आयपीएमआय २.० मध्ये वापरकर्त्याचे नाव ठाऊक असलेल्या कोणालाही, पडताळणी पूर्ण होण्यापूर्वीच, पासवर्डपासून बनलेला हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड शोधण्याचा प्रयत्न करता येतो असा सांकेतिक ठसा, मिळू शकतो. म्हणून यूडीपी ६२३ हे पोर्ट फायरवॉलवर अडवावे आणि वेगळ्या व्हीएलॅनमधील (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यातील) मध्यस्थ यंत्रावर एसएसएचने जाऊन तेथूनच बीएमसीला आज्ञा देणारा आयपीएमआयटूल हा प्रोग्राम चालवावा.

बाहेर पडताना नवशिके हमखास अडखळतात. टिल्ड आणि टिंब ही आयपीएमआयटूलमधून सुटण्याची खूण एसएसएचचीही असल्याने, नव्या ओळीवर टिल्ड दोनदा दाबून मग टिंब द्यावे. अन्यथा एसएसएचची जोडणीच तुटते.