ड्रिल शिकताय? पाय चुकण्याआधी कान चुकतो: नव्या कॅडेटने या चुका टाळाव्यात

जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजांत एनसीसीची भरती होते आणि मुंबईत नेमका तेव्हाच पाऊस मैदान अडवून बसलेला असतो. म्हणून इथल्या बऱ्याच कॅडेटचं पहिलं 'सावधान' पार्किंगमध्ये, पोर्चमध्ये नाहीतर कॉलेजच्या कॉरिडॉरमध्येच होतं. मैदानावर उतरेपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि तोवर चुकीच्या सवयी अंगात मुरलेल्या असतात. नवं शिकण्यापेक्षा त्या मोडायला जास्त वेळ जातो.

खालचं सगळं आर्मी विंगच्या कॅडेटला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण शाळेतल्या आरएसपीच्या (रोड सेफ्टी पेट्रोल) मुलांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल. माझं मत आधीच सांगून टाकतो: ताकद कमी पडली म्हणून ड्रिलमध्ये चुकणारा कॅडेट क्वचितच दिसतो. बहुतेक जण चुकतात ते वेळेआधी हलल्यामुळे.

हुकूम पुरा व्हायच्या आत हलणं

हुकमाचे दोन भाग असतात. 'दाहिने' म्हणजे कुठे वळायचं आहे, 'मुड' म्हणजे आता वळ. या दोघांच्या मध्ये शरीराने काहीही करायचं नसतं. नवा कॅडेट 'दाहिने' ऐकलं की खांदा सोडतो, वजन एका पायावर टाकतो आणि 'मुड' येईपर्यंत निम्मा वळून झालेला असतो. तिसऱ्या लाइनीतला असा एक खांदासुद्धा समोरच्या उस्तादांना, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्यांना, दिसतो. मग 'जैसे थे', म्हणजे होतात तसे परत उभे राहा, आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा झालं की रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा, तोही अख्ख्या स्क्वॉडला.

त्यात मराठी कानाची एक खास अडचण आहे. घाईत 'दाहिने'तला पहिला आवाज 'डावी'सारखा लागतो आणि एखादा बरोबर उलटा वळून शेजाऱ्याच्या नाकासमोर उभा राहतो. मनातल्या मनात मराठी करत बसायला तिथे वेळ नसतो. त्यापेक्षा 'दाहिने' ऐकलं की उजवी मूठ, 'बाएं' ऐकलं की डावी मूठ किंचित आवळायची सवय लावून घ्या. मूठ तशीही बंदच असते, बाहेरून कुणाला कळत नाही.

सरावासाठी मित्राला मुद्दाम फसवे हुकूम द्यायला सांगा. कधी 'दाहिने'ला लागून 'मुड', कधी चार सेकंद थांबून, कधी 'मुड' म्हणूच नये. दहा मिनिटांत कळतं की आपण ऐकत नव्हतो, नुसता अंदाज बांधत होतो.

सावधानमध्ये खांबासारखं ताठ होणं

टाचा जुळलेल्या, चवड्यांमध्ये ३० अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठे पॅन्टच्या शिवणीला लागून पुढे, नजर स्वतःच्या उंचीवर. एवढं सगळ्यांना पाठ असतं. गडबड होते ती 'गुडघे सरळ'चा अर्थ 'गुडघे मागे ढकलून कुलूप लावणं' असा घेतल्यामुळे. छाती बाहेर काढायच्या नादात पोटही बाहेर येतं, वजन टाचांवर जातं आणि पाच मिनिटांत कंबर बोलायला लागते. वजन टाच आणि चवडा दोन्हींवर सारखं हवं. साधी तपासणी: सावधानमध्ये असताना टाचा जमिनीपासून कागदभर उचलता आल्या पाहिजेत. त्यासाठी आधी पुढे झुकावं लागत असेल, तर तुम्ही मागे रेललेले आहात.

परेडमध्ये चक्कर येऊन पडणं यातूनच होतं. बराच वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, कारण ते वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात आणि नेमके तेच गप्प बसलेले असतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस सरळ समोर कोसळतो. त्यात मुंबईची हवा, जाड खाकी आणि पहिली लोकल पकडायची म्हणून उपाशी पोटी घर सोडलेलं. बुटांच्या आत बोटं हलवत राहा, पोटऱ्या आळीपाळीने आवळा आणि सोडा. बाहेरून काही दिसत नाही. निघण्याआधी दोन केळी किंवा वाटीभर पोहे आणि पाणी पोटात हवंच. कानात घूं घूं व्हायला लागलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर शूरपणा न दाखवता गुडघ्यावर खाली बसा. हनुवटीला टाके पडण्यापेक्षा ओरडा खाल्लेला बरा.

उजवा पाय, उजवाच हात

ही चूक सगळ्यात जास्त हसू आणते आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केली जाते. 'तेज चल'वर, म्हणजे क्विक मार्चच्या हुकमावर, डावा पाय निघाला की उजवा हात पुढे यायला हवा. रस्त्याने चालताना आपण हे न शिकता करतो. पण हात खांद्याच्या उंचीपर्यंत आणि कोपर सरळ ठेवून न्यायचाय, असं सांगितलं की कॅडेट हाताचा विचार करायला लागतो, आणि विचार केला की जन्माची चाल विसरते. मग त्याच्यावर ओरडा होतो, 'हाथ ऊपर!' तो हात आणखी जोरात वर नेतो. चूक जास्त ठळक दिसते, एवढाच काय तो फरक पडतो.

हाताची उंची विसरा. वीस-पंचवीस पावलं हात शिवणीला चिकटवून नुसते चाला. मग हात सैल सोडा, कुठेही नेऊ नका, हलतील तेवढे हलू द्या. ते आपोआप बरोबर हलतात. पुढची वीस पावलं कमरेपर्यंत, त्यानंतर छातीपर्यंत, शेवटी खांद्यापर्यंत. मध्ये पुन्हा जुळी जोडी झाली की हात शिवणीला आणि पहिल्यापासून सुरू. दादरच्या पुलावर गर्दीत हे जमणार नाही, पण सकाळी सहाला रिकाम्या प्लॅटफॉर्मवर किंवा सोसायटीच्या कंपाउंडमध्ये अर्ध्या तासात जमतं. घरात करायचं तर आधी फ्रिज आणि हात यांच्यातलं अंतर बघा.

काहींची गडबड फक्त पहिल्या पावलाला होते, पुढचं सगळं नीट असतं. त्यांनी गिनतीने, म्हणजे एकेक टप्पा मोजत, एकच पाऊल टाकायचं: डावा पाय, उजवा हात, थांबा, बघा, मागे या. चालायचंच नाही.

पाऊल कमीजास्त पडणं

तेज चलचं पाऊल ३० इंचांचं आणि गती मिनिटाला १२० पावलं. म्हणजे सेकंदाला दोन. उंच मुलं जास्त लांब टाकतात, बुटकी मुलं मिळवायला धावतात, आणि लाइन मध्येच फुगते. ३० इंच डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, ते पायात बसवावे लागतात. कॉरिडॉरमध्ये दोन बाय दोन फुटांच्या लाद्या असतील तर एक लादी आणि पाव म्हणजे एक पाऊल. चार पावलांत पाच लाद्या. लादीच्या रेघेवर टाच ठेवून सुरुवात करा आणि चौथ्या पावलाची टाच पुन्हा रेघेवर येते का ते पाहा. मोबाइलवर मेट्रोनोम १२०वर लावला की गतीचाही हिशेब लागतो. हे करताना पायांकडे बघायची सवय मात्र लावून घेऊ नका. शेवटच्या पावलाला थांबून मगच खाली बघायचं.

वळताना हात सुटणं

दाहिने मुडमध्ये उजवी टाच आणि डावा चवडा यांवर ९० अंश फिरायचं, मग डावा पाय उचलून शेजारी आणायचा. पीछे मुडही उजवीकडूनच, १८० अंश. तोल जातो म्हणून हात मांडीपासून सुटतात, आणि सुटलेला हात लांबूनही दिसतो. मूळ दुखणं वेगळंच असतं: फिरणं आणि पाय आणणं ही दोन कामं एकत्र केली जातात. गिनतीने करा. 'एक'वर फक्त फिरा आणि तसेच उभे राहा, मागचा पाय मागेच. डुगडुगत असाल तर वजन पुढच्या पायावर आलेलं नाही. डुगडुग थांबल्याशिवाय 'दो' म्हणू नका. दोन्ही काखांत एकेक रुमाल धरून सराव केला तर हात सुटल्याची चहाडी रुमालच करतो.

थम आणि पाय चुकल्यावरची उडी

'थम'चा, म्हणजे थांबण्याचा, हुकूम डाव्या पायावर येतो. त्यानंतर 'खाली' (हिंदीतलं, म्हणजे रिकामं पाऊल), 'एक', 'दो': उजवं पाऊल साधंच पडतं, डावा पाय पडतो, उजवा शेजारी येतो. बहुतेक कॅडेट 'खाली' गिळून टाकतात आणि पाऊलभर आधी थांबतात. मागचा येऊन पाठीवर आदळतो. 'खाली' तोंडाने म्हणत सराव करा, लाज वाटली तरी.

चालताना पाय चुकला तर उडी मारून जुळवू नका. कदम बदल त्यासाठीच आहे: डावा पाय पुढे असताना उजव्या पायाचा चवडा त्याच्या टाचेशी आणायचा आणि लगेच पुन्हा डावाच टाकायचा. नीट केलं तर शेजाऱ्यालाही कळत नाही. उडी मारली तर सगळ्यांना कळते.

ढोल ऐकून चालणं

२६ जानेवारी आणि १ मे या दिवशी शिवाजी पार्कवरचं संचलन टीव्हीवर बघितलेले कॅडेट बँड सुरू झाला की खूश होतात. आणि तिथेच फसतात. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर असतो हे खरं, पण आवाजाला पोचायला वेळ लागतो. बँडपासून ८५ मीटर लांब असाल तर ठोका सुमारे पाव सेकंद उशिरा कानावर येतो, आणि आपलं पाऊल अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे मागचा कॅडेट अगदी प्रामाणिकपणे ठोक्यावर पाय टाकूनही अर्धं पाऊल मागे. आजूबाजूच्या इमारतींवरून येणारा प्रतिध्वनी आणि लाउडस्पीकर यांची भर वेगळीच. कानाने फक्त लय धरा, पाऊल समोरच्याच्या खांद्यांवरून घ्या. त्याचा खांदा खाली-वर होतो त्यावरून पाय कळतो, मान वाकवावी लागत नाही.

'दाहिने देख'वर दुसरा घोटाळा होतो. मान उजवीकडे गेली की पावलंही तिकडे सरकतात आणि रांग सलामीच्या मंचाकडे कलते. म्हणून अगदी उजवीकडच्या कॅडेटने मान वळवायची नसते, तो सरळ बघतो आणि रांग त्याच्यावर टिकते. बाकीच्यांनी मान पूर्ण वळवा, खांदे समोरच राहू द्या.

सॅल्यूटबद्दल थोडक्यात. आर्मी विंगमध्ये तळवा समोर असतो, नेव्हल विंगमध्ये जमिनीकडे. मित्र दुसऱ्या विंगचा असेल तर त्याचं बघून करू नका. हात डोक्याकडे न्यायचा असतो, डोकं हाताकडे नाही. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही, नुसतं सावधान.

बूट आणि नडगी

जोर दाखवायला काँक्रीटवर टाच आपटणाऱ्यांची नडगी पंधरवड्यात दुखू लागते. पाय पूर्ण तळव्याने टेकवा. आवाज तरीही येतो, उलट जास्त भरीव येतो. नडगीच्या आतल्या बाजूला बोट दाबून दुखत असेल तर आठवडाभर आपटणं बंद आणि बर्फ सुरू, हे उस्तादांना सांगून करा. लपवून चालत राहिलात तर कॅम्पच्या वेळी बाकावर बसायची पाळी येते. गच्चीवर सराव करणार असाल तर खालच्या मजल्यावरची माणसं दुपारी झोपतात, तेव्हा तिथे बूट नकोत, चपलाच बऱ्या.

नवे बूट घालून थेट परेडला जाऊ नका. आधी घरात रोज तासभर वापरा, एकावर एक दोन मोजे घालून. पावसात भिजलेल्या बुटांत चुरगाळलेलं वर्तमानपत्र भरून पंख्याखाली ठेवा आणि कागद ओला झाला की बदला. गॅसशेजारी किंवा कडक उन्हात वाळवलेलं चामडं तडकतं, आणि मग कितीही पॉलिश केलं तरी ती रेघ जात नाही.