महामार्गावरचा जुना पूल बदलायचा तर

पूल पाडायचा म्हटलं की लोकांना आधी ब्रेकर आठवतो. मला आठवतं बेअरिंग, म्हणजे गर्डर (पुलाची लांब तुळई) आणि खांब यांच्यामधली रबराची गादी. नागपुरात बावीस वर्षं पुलांच्या साइटवर काढली. म्हाताऱ्या पुलाचं दुखणं मला तिथेच कळतं. तुम्हीही रात्री खालची एक लेन बंद करून वर चढा आणि टॉर्च लावून बघा. रबर बाजूने फुगलंय, त्यावर आडव्या चिरा आहेत, खाली पेडेस्टलवर (बेअरिंगखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर) गंजाचे तांबूस ओघळ आहेत, म्हणजे वरच्या एक्स्पान्शन जॉइंटमधून (पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यातून) वर्षानुवर्षं पाणी उतरतंय. गर्डरचं टोक हातोडीने वाजवा. खणखणीत वाजलं तर बरं. ढब्ब वाजलं, तर सळई गंजून काँक्रीट सुटलंय. मग कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढा, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) चाचणी करा आणि दुरुस्ती की नवा पूल, ते त्या आकड्यांवर ठरवा.

पायाचं काम पावसाळा ओसरल्यावरच धरा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पण आधी हाताने चाचणी खड्डे खणा. एका साइटवर पाण्याची पाइपलाइन नकाशापेक्षा तीन मीटर अलीकडे निघाली आणि जेसीबीचा दात लागला. दोन दिवस वस्तीतल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. त्यांच्यासमोरून जाताना माझी मान वर होत नव्हती. तेव्हापासून खड्डा बघितल्याशिवाय मी मशीन लावू देत नाही.

खरी जोखीम जुने गर्डर उतरवताना. स्लॅब आहे तोवर सगळे एकमेकांना धरून असतात. डायमंड वायर सॉने (हिरे जडवलेल्या तारेच्या करवतीने) स्लॅब आणि मधले डायफ्राम (गर्डर जोडणाऱ्या आडव्या भिंती) कापले की प्रत्येक गर्डर एकटा पडतो: उंच, अरुंद, कुशीवर कलायला तयार. म्हणून कापण्याआधी गर्डर एकमेकांना लोखंडी ब्रेसिंगने बांधा. प्रीस्ट्रेस्ड गर्डर मधोमध तोडू नका. आतल्या केबलमध्ये ताण भरलेला असतो. अख्खा उचला. वीस मीटरच्या गर्डरचं वजन तीस-चाळीस टन सहज भरतं, तेव्हा क्रेनच्या पायाखालची जमीनही तपासा. वाहतूक पोलिसांकडून रात्रीचा ब्लॉक घ्या, आणि वजन हवेत असताना खालून एकही गाडी जाऊ देऊ नका, रुग्णवाहिकासुद्धा. तिच्यासाठी वळणरस्ता आधीच मोकळा ठेवा.

नव्या पुलाखाली ५.५ मीटर उंची मोकळी हवी. ती आजच्या डांबरापासून मोजा, थरावर थर चढून खालचा रस्ता वर आलेला असतो.

स्लॅब नवतपाच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आधी उरकला तर उत्तम. नाहीच जमलं तर संध्याकाळनंतर ओता, मिक्सरच्या पाण्यात बर्फ घाला, काँक्रीट ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. गोणपाट चौदा दिवस ओलं ठेवा. रात्री दोन वाजता मी स्वतः हात लावून बघायचो.

मग भारचाचणी. भार २४ तास ठेवायचा, काढून आणखी २४ तास थांबायचं. प्रीस्ट्रेस्ड पूल भाराने जेवढा खाली झुकला, त्याच्या किमान ८५ टक्के परत वर यायला हवा. शेवटी एक टँकर मागवा, नव्या जॉइंटवर पाणी सोडा आणि खाली जाऊन बेअरिंगवर हात फिरवा. हात कोरडा निघाला तरच बॅरिकेड हटवा.