गिऱ्हाइकाशी ईडीआय जोडलंय? मग या चुका टाळा

चाकणच्या पट्ट्यात डिस्पॅच आणि ईडीआय सांभाळण्यात माझी सोळा वर्षं गेली. ईडीआय म्हणजे शेड्यूल, इनव्हॉइस वगैरे ठरलेल्या साच्यात त्यांच्या कॉम्प्युटरवरून आपल्या कॉम्प्युटरवर आणि उलट पाठवणं. नवीन मुलगा रुजू झाला की दुसऱ्या दिवशी हमखास विचारतो, "सर, एपीआयने सॉफ्टवेअर थेट जोडायच्या जमान्यात हे ईडीआय कशाला?" अरे बाबा, एडिफॅक्टचे, म्हणजे ईडीआयच्या एका साच्याचे, नियम १९८७ साली आयएसओने मान्य केले, तुझ्या जन्माच्या आधी. तिकडचा गाड्यांचा कारखाना तुझ्या सोयीसाठी ते बदलणार नाही. तू आधी डेलफॉर वाचायला शीक.

क्युम न समजता माल पाठवणं

डेलफॉर म्हणजे गिऱ्हाइकाकडून येणारं डिलिव्हरी शेड्यूल. "या आठवड्यात इतके नग पाठवा" असं त्यात सरळ लिहिलेलं असेल, अशी नव्या माणसाची समजूत असते. पण गाड्यांच्या धंद्यात हिशोब बहुतेक क्युमवर चालतो, म्हणजे ठरलेल्या तारखेपासूनच्या एकूण नगांवर. आजवर मागितले किती आणि आजवर मिळाले किती. विजेच्या मीटरसारखं समजा, रीडिंग येतं, वजाबाकी आपण करायची. गोम अशी की "मिळाले" हा आकडा त्यांच्या गोदामात उतरलेल्या मालाचा असतो. जहाजावरचा माल त्यात नसतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मशिनिंग केलेला एक पार्ट आम्ही न्हावा शेवाहून जर्मनीला पाठवायचो. दारापासून दारापर्यंत महिना-सव्वा महिना लागायचा. एका पॅलेटमध्ये १,२०० नग आणि आठवड्याला एक पॅलेट. शेड्यूल बघणारा माणूस बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेला आणि त्याच्या खुर्चीत एक हुशार पोरगा बसला. हुशार म्हणजे एक्सेलमध्ये हुशार. डेलफॉरमध्ये एकूण मागणी ३०,००० आणि मिळाले २४,०००. त्याने वजाबाकी केली, ६,००० आले, पाच पॅलेट भरले. चार पॅलेट, म्हणजे ४,८०० नग, तेव्हा समुद्रात होते हे त्याच्या शीटला कुठून कळणार? द्यायचा होता एक पॅलेट.

पुढच्या आठवड्यात मागणी ३१,२०० झाली. जहाज लागलेलं नव्हतं, त्यामुळे मिळाले तेच २४,०००. पोराने सहा पॅलेट पाठवले. दोन आठवड्यांत दोनाच्या जागी अकरा. स्टोअरमधला राखीव साठा संपला, प्रॉडक्शनने रविवारचा ओव्हरटाइम लावला, गाळ्यात आनंदीआनंद. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ईडीआयमध्येच आलंय."

महिन्याभराने गिऱ्हाइकाची मेल आली, हे नऊ पॅलेट आम्ही ठेवायचे कुठे? त्यांनी बाहेरचं गोदाम घेतलं आणि भाडं आमच्या नावावर डेबिट टाकलं. शेड्यूलमध्ये पुढे नऊ आठवडे शून्य. ज्या मशीनवर रविवारी काम चाललं होतं, त्याच मशीनवर ऑपरेटर फडकं मारत बसले. पोराला मी फार बोललो नाही. मी त्याला पासवर्ड दिला होता, वही दिली नव्हती.

वही म्हणजे अक्षरशः वही. लांब रजिस्टर, प्रत्येक पार्टला एक पान. इनव्हॉइस नंबर, तारीख, नग, आमचा क्युम, त्यांचा क्युम, आणि शेवटच्या रकान्यात फरक. त्यांना शेवटची पोचलेली खेप कुठली, तिचा नंबर बहुतेक डेलफॉरमध्ये येतो. सोमवारी सकाळी चहाच्या आधी मी तो नंबर वहीत शोधतो आणि त्याखाली रेघ मारतो. रेघेखालच्या इनव्हॉइसची बेरीज आणि फरकाचा रकाना तंतोतंत जुळला पाहिजे. एका नगाचाही घोळ असेल तर तो पार्ट त्या दिवशी हलत नाही. ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे सगळं आपोआप होतं, असं मला सल्लागार लोक सांगतात. होत असेल. माझी वही बंद होणार नाही.

आणि एक. आपल्या इनव्हॉइसची मालिका १ एप्रिलला नव्याने सुरू होते, म्हणून क्युमही एप्रिलमध्ये शून्य करणारे महाभाग मी पाहिलेत. क्युम गिऱ्हाईक शून्य करील तेव्हाच शून्य होतो. कुणी १ जानेवारीला करतं, कुणी वेगळ्या तारखेला, कुणी करतच नाही. त्या दिवशी पाण्यात असलेला माल जुन्या खात्यात धरायचा की नव्या, हे डिसेंबरात मेलवर लिहून घ्या. फोनवर नको.

गाडी भरण्याआधी एएसएन

एएसएन म्हणजे माल पोचायच्या आधी जाणारी वर्दी. अमुक गाडीत, अमुक बिनमध्ये (पार्ट ठेवायच्या पेटीत), अमुक नग. आता आपल्याकडे संध्याकाळी पाच वाजता काय होतं? ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गिऱ्हाइकाच्या गेटची वेळ टळत चाललीय, आणि डिस्पॅचचा माणूस वर एसीत बसून पीओवरचा, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवरचा, आकडा बघून एएसएन टाकून मोकळा होतो. खाली भरतील तेवढंच, ही श्रद्धा.

बारा बिन, प्रत्येकी ४० नग, एएसएन ४८० चा. अकराव्या बिनमधून क्वालिटीवाल्याने चार नग तपासायला काढले आणि ते त्याच्या टेबलावरच राहिले. गेटवर काही कळलं नाही, बारकोड स्कॅन झाला, हिरवा दिवा लागला. लाइनवर बिन उघडली तेव्हा ३६ निघाले. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, ४७६ चा झाला, इनव्हॉइस ४८० चं, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून पेमेंट अडकलं. चार नगांसाठी सगळं इनव्हॉइस.

पूर्वी असं काही झालं की कागद फाडून दुसरा छापायचे. आता ई-इनव्हॉइस आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाही ते लागू झालं, म्हणजे भोसरीतले मधले गाळेवालेही त्यात आले. आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसला मिळणारा सरकारी नंबर, रद्द करायला २४ तास मिळतात, आणि रद्द केलेला इनव्हॉइस नंबर पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोट काढत बसा. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी बिनशेजारी उभं राहून मोजणी, मग इनव्हॉइस, मग एएसएन, मग गाडी. मोजणाऱ्याने बिनच्या लेबलवर सही करायची. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तर वाजवू द्यावा, चहा पाठवावा.

"सर, फाइल गेली"

या वाक्याची मला ॲलर्जी आहे. कुठे गेली? एएस-टूवर, म्हणजे इंटरनेटवरून फाइल पाठवायच्या एका पद्धतीने, पाठवलेल्या फाइलची एमडीएन येते, ती पोस्टमनची पोचपावती. पाकीट पोचलं एवढंच ती सांगते. त्यानंतर एडिफॅक्टमध्ये कंट्रोल नावाचा संदेश किंवा एक्स-ट्वेल्व्ह या अमेरिकन साच्यात ९९७ येतो, म्हणजे पत्राचं व्याकरण बरोबर आहे. पण आतला पीओ नंबर मागच्या वर्षीच बंद झालाय, हे त्यातलं कुणीच सांगत नाही. त्याची तक्रार एपरॅक (एक्स-ट्वेल्व्हमध्ये ८२४) या संदेशातून येते, आणि तेही गिऱ्हाईक पाठवत असेल तर. आमच्याकडे "गेली" म्हणायला बंदी आहे. पाकीट पोचलं, पत्र वाचलं की मजकूर पटला, यांतलं नेमकं काय ते सांगायचं.

एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं

एक्सेल आकड्याचे पंधराच अंक सांभाळतं. पॅलेटच्या लेबलवरचा एसएससीसी अठरा अंकी असतो. सीएसव्ही उघडली, रकान्याला नंबरचा फॉरमॅट दिला, सेव्ह केली, की प्रत्येक पॅलेटच्या नंबरचे शेवटचे तीन अंक शून्य. वर नंबर बरोबर आहे का हे तपासायचा चेक डिजिट शेवटीच असतो, त्यामुळे चूकही बहुतेक लगेच पकडली जाते, फक्त तुमच्याकडे नाही, गिऱ्हाइकाच्या गेटवर. पार्ट नंबरच्या पुढची शून्यं गिळली जातात ते वेगळंच, आणि १२ई५ असा पार्ट नंबर असेल तर एक्सेल त्याचे बारा लाख करून ठेवतं. बघायचंच असेल तर नोटपॅडमध्ये बघा.

बघा म्हटलं, बदला नाही. कालची फाइल नोटपॅडमध्ये उघडून, नग बदलून, पुन्हा पाठवणारे शॉर्टकटबहाद्दर प्रत्येक कंपनीत एक तरी असतात. एक ओळ वाढवली तर शेवटच्या यूएनटी या ओळीत एकूण सेगमेंटची, म्हणजे संदेशातल्या ओळींची, संख्या असते ती वाढवायची राहते, आणि फाइलचा क्रमांक, म्हणजे कंट्रोल नंबर, कालचाच राहिला तर समोरचं मशीन "ही फाइल मिळालेली आहे" म्हणून ती बाजूला टाकतं. दोन मिनिटं वाचवायला जाऊन अर्धा दिवस घालवायचा.

डिसूझा आणि अवतरणचिन्ह

एडिफॅक्टमध्ये ' हे चिन्ह आलं की सेगमेंट संपला. आमच्या एका वसईच्या सप्लायरच्या पत्त्यात डि'सूझा होते. पत्ता "डि" वर तुटायचा आणि पुढचं मशीन "सूझा" नावाचा सेगमेंट शोधत बसायचं. तीन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या दिल्या. अशा चिन्हाच्या आधी ? लावायचं असतं, वर्णनातल्या + आणि : ला सुद्धा. तुमचा कन्व्हर्टर ते लावतो का, हे असं एखादं नाव मुद्दाम घालून तपासा.

बाकीच्या चुका पटापट.

युनिट. पीओ सेटमध्ये, इनव्हॉइस नगांत. एका सेटमध्ये दोन नग असतील तर पुढचं तुम्हीच बघा.

शेड्यूलमधली तारीख माल निघायची की पोचायची, हे पहिल्याच दिवशी विचारा. समुद्रमार्गे माल जात असेल तर हा महिन्याभराचा फरक आहे.

टेस्टिंग संपल्यावर टेस्टची खूण काढा. ती राहिली तर फाइल जाते, पावतीही येते, आणि पलीकडे तिच्याकडे ढुंकून कुणी बघत नाही.

वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलाचा पार्ट बी, म्हणजे गाडीच्या नंबरचा भाग, बदला. "पोचल्यावर करतो" म्हणणाऱ्याला रात्री दोनचा ड्रायव्हरचा फोन स्वतः घ्यायला लावा.

एएस-टूचं सर्टिफिकेट कधी संपतं ते बघून ठेवा. ते नेमकं दिवाळीच्या सुट्टीत संपतं, तेही गिऱ्हाइकाच्या बाजूचं, आणि तिकडे तेव्हा दिवाळी नसते. माझ्या टेबलामागे भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर दीड महिना आधीच्या तारखेला लाल पेनने गोल केलेला असतो. या वर्षीचा गोल गणपतीच्या आदल्या दिवशी आलाय, म्हणून आणखी एक आठवडा अलीकडे दुसरा केलाय.